वेळ लिहिलेल्या अकरा नोंदी

माझी बायको मंदाकिनी गेली हे मला कळलं तेव्हा दुपारचे सव्वादोन झाले होते. तोवर रायपुरातल्या निदान वीस माणसांना ते माहीत झालं होतं.

मी उरल्याच्या औद्योगिक भागातल्या एका लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीवर शिफ्ट इन्चार्ज होतो. त्या आठवड्यात माझी सकाळची पाळी होती, सहा ते दोन. भट्टीजवळ मोबाइल नेऊ देत नाहीत. तो गेटवरच्या कपाटात ठेवावा लागतो. पाळी सुटल्यावर हातपाय धुऊन मी गेटवर आलो, तर चौकीदार नत्थू स्टुलावरून उठून उभा राहिला. तो मालकाची गाडी आली तरच उठतो.

“भैया, बैठ जाओ,” तो म्हणाला.

“काहून? काय झालं?”

“पहले बैठ जाओ.”

मी बसलो नाही. कपाटातून मोबाइल काढला. सतरा मिस्ड कॉल होते. पहिला अकरा वाजून पाच मिनिटांचा. सगळे एकाच नंबरवरून, चित्रकार पुराणिकांच्या. त्यांनी मिलच्या ऑफिसातही फोन केला होता. ऑफिसाने गेटला निरोप दिला, आणि गेटवरून आत भट्टीवर यायची नत्थूची हिंमत झाली नाही. तीन तास तो निरोप घेऊन स्टुलावर बसून होता. मी त्याला काही बोललो नाही. मीही कदाचित तसाच बसलो असतो.

शहरात पाच-सहा चित्रकारांचं मिळून एक प्रदर्शन होतं. मंदा सकाळी आपली चित्रं भिंतीवर लावत होती. लावता लावता खाली बसली आणि परत उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. वय एक्कावन्न.

दवाखान्यात बाकावर यज्ञेश्वर पुराणिक बसले होते. रायपुरात चित्रं काढणाऱ्या सगळ्यांना हे नाव माहीत आहे. तात्यापाऱ्यातलं जुनं मराठी घर, नागपूरकर भोसल्यांच्या काळात आलेलं. कॉलेजात ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले. आम्ही भंडाऱ्याकडचे, माझे वडील रेल्वेत होते म्हणून इकडे आलो. पुराणिक पुस्तकातलं मराठी बोलतात, आमचं ऐकून गालात हसतात. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात मंदाचा चष्मा होता. त्यांनी तो काढून माझ्या हातात दिला.

“पडताना निसटला,” ते म्हणाले. “मी उचलून ठेवला.”

“काही बोलली का ती?”

“म्हणाल्या, हे चित्र डावीकडे झुकलंय, सर. तेवढंच.”

म्हणजे तिचं शेवटचं वाक्य त्यांच्याजवळ आहे. माझ्याजवळ जे आहे ते पहाटे पाचचं, “आज डब्यात लोणचं नाही ठेवलं, संपलं.” तो दिवस आठवला की मला आधी तो सदऱ्याचा खिसा आठवतो, मग बाकीचं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

ही दोन हजार सतराची गोष्ट. आम्हाला मूल नव्हतं. मी गुढियारीतल्या घरी एकटा राहू लागलो. वर्षभराने मिल सोडली.

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात एक मुलगी घरी आली. शर्मिष्ठा काळमेघ, चौबे कॉलोनीत राहणारी. तिला मराठी सगळं कळत होतं, पण ती उत्तर हिंदीत देत होती. तिचं काम असं होतं: छत्तीसगड वेगळं झाल्यापासून रायपुरात ज्यांनी ज्यांनी चित्रं काढली, मूर्ती केल्या, त्या सगळ्यांचा एक नकाशा करायचा. जागेचा नाही, माणसांचा. कोण कोणाला ओळखत होतं, कोण कोणाच्या प्रदर्शनाला गेलं, कोणी कोणाला पत्र लिहिलं. कॉम्प्युटरवर प्रत्येक माणसाचा एक ठिपका आणि ओळखीच्या रेघा. एक नोव्हेंबरला, राज्याच्या स्थापना दिवसाला, नव्या रायपुरात मोठ्या पडद्यावर तो लोकांसाठी उघडणार होते.

“अंकल, आंटी के पास विज़िटर बुक होंगी न? प्रदर्शनी में जो टेबल पर रखते हैं?” तिने विचारलं.

होत्या. अभिप्रायाच्या सात वह्या मंदाने लोखंडी पेटीत साड्यांखाली ठेवल्या होत्या. मी काढून दिल्या. देताना उघडून पाहिल्या नाहीत. तिचं अक्षर दिसेल म्हणून मी तेव्हा तिचं काहीच उघडत नव्हतो.

ऑगस्टमध्ये शर्मिष्ठा वह्या परत घेऊन आली. सोबत टॅब होता. मी चहा केला. तिने टॅब माझ्या पुढ्यात ठेवला.

“देखिए अंकल. आंटी को ढूँढिए.”

काळ्या पडद्यावर दोनेकशे ठिपके होते, जाळ्यात अडकल्यासारखे. बोट लावलं की ठिपका ओढला जायचा, त्याच्याबरोबर बाकीचे हलायचे, आणि सोडला की सगळे हळूहळू आपापल्या जागी जाऊन थांबायचे. मला मंदा सापडेना. मी कडेला शोधत होतो. शर्मिष्ठा हसली आणि तिने मधोमध असलेल्या एका मोठ्या पिवळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. नाव उमटलं. मंदाकिनी निखाडे.

“एवढी मोठी?” मी म्हणालो.

“बहुत इंपॉर्टेंट हैं आंटी. जिसके जितने ज़्यादा और जितने मज़बूत कनेक्शन, उसका ठिपका उतना बड़ा.”

ठिपका हा एक शब्द ती मराठीत बोलली. मला बरं वाटलं. माझी बायको प्राथमिक शाळेत ड्रॉइंग शिकवायची. कुठल्या आर्ट कॉलेजात गेली नव्हती. आमच्या गच्चीवर सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ रोज बसते. पाय ठेवला की तळवे काळे होतात. सगळी गुढियारी त्या धुळीला शिव्या देते. मंदा ती झाडून डब्यात भरायची, चाळायची, डिंकाच्या पाण्यात कालवून काळा रंग करायची. मी तिला मिलमधून तापलेल्या लोखंडावरून सुटणाऱ्या पापुद्र्यांचा चुरा आणून द्यायचो, तो ती पाट्यावर वाटायची. त्याच्याने काळ्यात चमक यायची. तुळस, वाळत घातलेले कपडे, पापड, सगळं ती त्या काळ्यात काढायची. शेजारीण शारदाबाई म्हणायची, “मंदाकिनी, घरचीच धूळ लोकांले दाखवायले नेऊन राहिली का वो?” मंदा म्हणायची, “हव, तुमच्याही गच्चीवरची दोन सुपं भरून द्या.”

आणि आता ती मधोमध होती.

मग माझं लक्ष रेघांकडे गेलं. पिवळ्या ठिपक्यातून बऱ्याच बारीक रेघा निघत होत्या आणि एक जाड. दोराएवढी जाड. ती दुसऱ्या एका मोठ्या ठिपक्याला जात होती. कोणाचा ते मला वाचायची गरज नव्हती.

“हे एवढं जाड काहून?”

“पुराणिक सर. उन्नीस एंट्री हैं उनकी आंटी की किताबों में. पूरे मैप में दो लोगों के बीच इतना स्ट्रॉन्ग और कुछ नहीं है.”

खाली वर्षांची एक पट्टी होती. ती बोटाने सरकवता येत होती. शर्मिष्ठाने ती मागे नेली, दोन हजार तीनवर. पडद्यावर तीसेकच ठिपके उरले. मंदाचा ठिपका तेव्हा लहान होता आणि त्याला एकच रेघ होती. पुराणिकांची. मग तिने पट्टी पुढे सरकवत आणली, आणि ती रेघ जाड होत गेली. दोन हजार सतरानंतर पट्टी पुढे सरकवली तरी मंदाचं काही वाढत नव्हतं. बाकीच्यांचं वाढत होतं.

“मी कुठे आहो याच्यात?” मी विचारलं.

“आप?” ती गोंधळली. “अंकल, ये आर्टिस्ट लोगों का है न.”

“तिचे खिळे मी ठोकले. फ्रेमा मी केल्या. चित्रं लुनावर बांधून मी नेली.”

“मैं समझती हूँ अंकल. पर रूल यही है. काग़ज़ पर जिन दो आर्टिस्ट का नाम साथ आए, उन्हीं की लाइन.”

मी चहाची कपबशी उचलून आत नेली. परत आलो तेव्हा ती एक छापील यादी टेबलावर ठेवत होती. तिच्यात पुराणिकांच्या एकोणीस नोंदी तारखेने लावल्या होत्या.

“और इनकी एक बात मुझे बहुत अच्छी लगी,” ती म्हणाली. “कोई विज़िटर टाइम नहीं लिखता. सर ने पहली ग्यारह बार टाइम भी लिखा है. देखिए, चार बजकर दस मिनट. तीन पचास. चार बीस. हमेशा चार के आसपास. कितने पंक्चुअल हैं!”

मी यादी हातात घेतली आणि खुर्चीत बसलो.

मिलमध्ये पाळीची एक वही असते. दर तासाला भट्टीचं तापमान, तेलाचा दाब, किती माल निघाला, हे तिच्यात लिहायचं, पुढे वेळ टाकायची, खाली पट्टीने रेघ मारायची आणि सही. रकाना रिकामा ठेवायचा नाही. एखाद्याने आपल्या तासाचं लिहिलं नाही तर पुढच्या पाळीचा माणूस अंदाजाने भरून टाकतो आणि ज्याचा तास होता त्याच्याच नावाची सही ठोकतो. कोणाला यात काही चूक वाटत नाही. उलट रिकामा रकाना ठेवला तर साहेब ओरडतो. मी चोवीस वर्षं हे केलं. दुसऱ्यांच्या सह्या माझ्या हातात बसल्या होत्या.

दोन हजार तीनमध्ये मंदाचं पहिलं प्रदर्शन होतं, चौबे कॉलोनीतल्या एका सभागृहाच्या बाजूच्या खोलीत, पाच दिवस. पहिल्या दिवशी पाळी संपवून मी चार वाजता पोचलो. मंदा दाराशी उभी होती, नवी साडी नेसून. टेबलावर वही उघडी होती. पान कोरं. सकाळपासून तिची शाळेतली एक बाई आणि सभागृहाचा माळी, एवढेच आले होते, आणि दोघांनीही काही लिहिलं नव्हतं. मंदा म्हणाली, “अहो, जरा बसता का इथं? मी तोंड धुऊन येतो.” तिचे डोळे लाल होते.

मला ते कोरं पान पाहवलं नाही. टेबलावर त्या दिवशीचं वर्तमानपत्र पडलं होतं, त्यात यज्ञेश्वर पुराणिक यांचा फोटो होता. चित्रकार म्हणून मला तेवढं एकच नाव मिळालं. मी लिहिलं, ‘काळा रंग खरा आहे. रोजचा पाहिलेला आहे, पण असा पाहिला नव्हता. पुढचं काम पाहायला येईन.’ वेळ टाकली. पट्टी नव्हती म्हणून वर्तमानपत्राच्या घडीने रेघ मारली. सही केली.

मंदाने परत येऊन ते वाचलं. मग टेबलाच्या कडेला धरून उभी राहिली. “हे कधी आले होते?” तिने विचारलं.

“तू आत गेली तेव्हाच. घाईत होते.”

त्या दिवशी घरी जाताना लुनावर मागे बसून ती गाणं म्हणत होती.

मग मी थांबलो नाही. पुढच्या प्रत्येक प्रदर्शनाला सकाळची पाळी मागून घेऊन पहिल्या दिवशी चारच्या सुमारास मी पुराणिकांच्या नावाने लिहीत गेलो. गणपतीतलं प्रदर्शन असो की शाळेच्या हॉलमधलं. दुसऱ्या मनगढंत नावांनीही काही लिहिलं. ती माणसंच नव्हती, म्हणून ती शर्मिष्ठाला सापडली नाहीत आणि तिने ती काढून टाकली होती. पुराणिक मात्र खरे होते.

दोन हजार अकरामध्ये एक दिवस मिलमध्ये बिजली गेली म्हणून मी लवकर घरी आलो, तर आमच्या अंगणात पुराणिक बसून पोहे खात होते. मी फाटकातच थांबलो. मंदा म्हणाली, “हे पुराणिक सर.” ते उठून उभे राहिले. “गुलाबराव, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय,” म्हणाले, आणि दोघं एकमेकांकडे पाहून हसले. त्या हसण्याचा मी पुढे सहा वर्षं विचार केला. त्या दिवसापासून मी त्यांच्या नावाने लिहिणं बंद केलं. नंतरच्या आठ नोंदी त्यांच्या स्वतःच्या. त्यांना वेळ नाही.

म्हणजे ती जाड रेघ अर्ध्याहून जास्त मीच ओढली होती. आणि मी तिच्यावर जळत बसलो होतो.

शर्मिष्ठाला मी यातलं काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, “समजा, या अकरा नोंदी चुकीच्या असल्या तर?”

“चुकीच्या? मतलब?”

“समज ना. काढून दाखव.”

तिने काहीतरी केलं, अकरा खुणा पुसल्या. जाड रेघ बारीक झाली. तेवढ्यावर थांबलं नाही. पिवळा ठिपका आवळला आणि मधून सरकत सरकत कडेला गेला, जिथे एक-दोन रेघांचे ठिपके होते. माझ्या डोळ्यांसमोर गेला.

“देखा? पुराणिक सर सबसे जुड़े हैं, और आंटी उनसे. ये ढीला पड़ा तो आंटी बाहर,” ती म्हणाली आणि खुणा परत लावल्या. ठिपका मधोमध आला. “पर आप ऐसा क्यों पूछ रहे हैं?”

“असंच.”

जाताना तिने मला एक फॉर्म दिला. घरच्यांनी सगळं तपासून सही करायची. सही नसेल तर लोकांसमोर उघडताना नियमाप्रमाणे नाव दाखवता येत नाही, ठिपका राखाडी राहतो. फॉर्मात नाव, पत्ता, नातं, आणि एक मोठा रकाना होता, ‘कोई त्रुटि हो तो लिखें.’

चार दिवस मी तो फॉर्म पाहत होतो. पाचव्या दिवशी यादी खिशात घालून तात्यापाऱ्यात गेलो. खरं सांगायचं तर मला पुराणिकांच्या तोंडून ऐकायचं होतं की त्या अकरा वेळा ते आले नव्हते. मंदाचा ठिपका कडेला गेला असता हे मला माहीत होतं, तरी ऐकायचं होतं.

पुराणिक आता सत्तरीच्या पुढे आहेत. हात कापतो, चित्र काढत नाहीत. त्यांनी मला आत बसवलं, यादी डोळ्यांजवळ धरून वाचली.

“चार वाजून दहा मिनिटं,” ते म्हणाले आणि हसू लागले. “गुलाबराव, मी आयुष्यात कुठे वेळेवर गेलो नाही. कॉलेजात प्राचार्य माझ्यावर त्यासाठीच रागवायचे. आणि तुम्ही मला भट्टी करून टाकलंत.”

माझे कान तापले होते.

“तुमाले माहीत होतं?” मी विचारलं.

“पहिल्यापासून.”

“कसं?”

ते उठले, कपाटातून एक फाइल काढली, तिच्यातून एक अंतर्देशीय पत्र काढून माझ्या समोर धरलं. हातात दिलं नाही. मंदाचं अक्षर होतं. मी दोन वर्षांनी ते पाहत होतो, तेही दुसऱ्याच्या हातात.

मी वाचलं. तिने लिहिलं होतं: ‘आदरणीय सर, माझ्या प्रदर्शनाच्या वहीत माझ्या यजमानांनी तुमच्या नावाने अभिप्राय लिहिला आहे. ते मिलमध्ये आहेत, तिथे वेळ टाकून लिहायची सवय आहे, म्हणून मला लगेच कळलं. त्यांनी ते माझ्यासाठी केलं. तुमच्या कानावर आलं तर रागावू नये. कोणी विचारलं तर आलो होतो म्हणावं, एवढी विनंती. त्यांना मला कळल्याचं कळू देऊ नये.’ खाली सही. प्रदर्शनाचा दुसरा दिवस.

“असं पत्र आल्यावर कोण जाणार नाही?” पुराणिक म्हणाले. “चौथ्या दिवशी सकाळी गेलो. चित्रं पाहिली. मग वही पाहिली. गुलाबराव, अभिप्राय मी लिहिला असता त्यापेक्षा चांगला होता. मी काय लिहिणार त्याच्यावर? पुढेही तसंच. मी जायचो तेव्हा माझं लिहून झालेलं असायचं. आम्ही आधी तेच उघडून वाचायचो, की या वेळी मी काय म्हटलंय.”

“आम्ही?”

“मंदाकिनीबाई आणि मी.”

“म्हणजे तुम्ही दोघं माह्यावर हसत होते.”

“हसत होतो, हो. पण तुम्हाला वाटतंय तसं नाही.”

“मले काय वाटून राहिलं ते तुमाले काय माहीत?”

आतून त्यांच्या सूनबाई श्रावणी पाणी घेऊन आल्या, आमची तोंडं पाहून पाणी ठेवून परत गेल्या.

“किती वेळा गेले तुम्ही?” मी विचारलं. “अकरातून.”

“नऊ वेळा तरी. दोनदा मी गावी नव्हतो.”

“सकाळी?”

“सकाळीच. संध्याकाळी मला दिसत नाही नीट.”

म्हणजे मी भट्टीसमोर असायचो तेव्हा. मी दोन वाजता सुटून, अंघोळ करून, लुना हाणत चार वाजता पोचून त्यांच्या नावाने लिहायचो. त्याच आठवड्यात ते सकाळी येऊन तिच्या शेजारी उभे राहून ते वाचायचे. मी ज्या भेटी खोट्या समजत होतो त्या झालेल्या होत्या. रेघ तेवढीच जाड होती. आणि ती माझ्यामुळे सुरू झाली होती. मी ते नाव लिहिलं नसतं तर तिने पत्र लिहिलं नसतं.

तिचं त्यांच्याशी काही वावगं होतं असं मी कधी म्हटलं नाही, आताही म्हणत नाही. मला त्याचा त्रास नाही. त्रास वेगळा आहे: चौदा वर्षं ती एक गोष्ट जपत होती, ती गोष्ट माझ्याबद्दल होती, आणि ती जपायला तिने सोबत दुसऱ्याला घेतलं. घरी माझ्यासमोर वही उघडून ती दर वेळी म्हणायची, “बघा, पुराणिक सरांनी काय लिहिलं,” आणि मला वाचून दाखवायची. मीच लिहिलेलं. मी मान डोलवायचो. ती माझ्याकडे पाहत असायची. मला वाटायचं ती खूश आहे.

“ते पत्र मले द्या,” मी म्हणालो.

“नाही.”

“माह्या बायकोचं आहे.”

“तिने मला लिहिलंय,” पुराणिक म्हणाले आणि पत्र घडी करून फाइलमध्ये ठेवलं. “त्या मुलीनेही पत्रं मागितली होती. बाकीची दिली. हे दिलं नाही. हे दिलं तर तुमचं नाव त्या नकाशात येईल, मंदाकिनीबाईंच्या जवळ, कुठेतरी तळटिपेत का होईना. पण मग अकरा नोंदी गाळतील. माझ्या तोंडी सांगण्याला तिथे किंमत नाही, त्यांना कागद लागतो. आणि मंदाकिनीबाई बाहेर फेकल्या जातील. मला ते नको. पण नवरा तुम्ही आहात. तुम्ही सांगाल तसं करतो.”

“तुमाले नको हे तुमीच ठरवलं?”

“म्हणून तर तुमच्यावर सोडतोय.”

मी पाणी न पिता उठलो. दारापर्यंत आलो तेव्हा ते मागून म्हणाले, “गुलाबराव, ‘पापड वाळताना आवाज येतो तसा या चित्राला येतो’, हे तुम्हाला कसं सुचलं होतं?”

मला आठवत नव्हतं. मी लिहिलं असेल. मी चपला घालून निघालो.

एक नोव्हेंबरला मी बस धरून नव्या रायपूरला गेलो. तिकडे रस्ते सहा पदरी आणि माणूस कोणी नाही. बसमधून उतरून बरंच चालावं लागलं. हॉलमध्ये मात्र गर्दी होती. एका भिंतीएवढा पडदा होता आणि लोक त्याला हात लावून ठिपके ओढत होते. पुराणिक पुढच्या रांगेत शाल पांघरून बसले होते. मला पाहून त्यांनी शेजारची खुर्ची दाखवली. मी उभाच राहिलो.

मंदाचा ठिपका मधोमध होता. मोठा, राखाडी, बिननावाचा. जाड रेघ तशीच होती. पोरं जाऊन पुराणिकांच्या ठिपक्याला बोट लावून तो ओढायची, सगळ्यांत जास्त तोच ओढायची, आणि दर वेळी तो राखाडी ठिपका त्याच्या मागे मागे जायचा. बाकीचे जागच्या जागी हलायचे. हा पडद्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायचा. मी हे अर्धा तास पाहिलं.

एका बाईने शर्मिष्ठाला विचारलं, “ये बड़ा वाला कौन है? नाम क्यों नहीं है?”

“परिवार से फॉर्म आना बाकी है,” शर्मिष्ठा म्हणाली. तिने मला पाहिलं होतं, पण माझ्याकडे बोट दाखवलं नाही. नंतर जवळ येऊन हळू म्हणाली, “अंकल, कब दे रहे हो? कभी भी दे दो, मैं उसी दिन बदल दूँगी.”

“देतो,” मी म्हणालो. तिला मराठी कळतं हे माहीत असूनही पुन्हा हिंदीत म्हणालो, “दे दूँगा.”

“समझती हूँ अंकल,” ती म्हणाली. “मेरी आई पण माहेरची निखाडेच होती. घर में मराठी ही सुनी है.”

बाहेर पडताना पुराणिकांनी हाक मारली. “झालं का लिहून?”

“नाही.”

“वेळ टाकायला विसरू नका,” ते म्हणाले. ते चेष्टेने म्हणाले की नाही, मला कळलं नाही. मला परत वाईट वाटलं, कारण ही चेष्टा आधी मंदाने केली असणार.

या गोष्टीला आता चार महिने झाले. फॉर्म टेबलावर आहे, मंदाच्या चष्म्याखाली. नाव लिहिलं आहे, गुलाबराव निखाडे. पत्ता लिहिला आहे. नात्याच्या पुढे ‘पति’ लिहिलं आहे. त्रुटीचा रकाना रिकामा आहे. त्यात ‘काही नाही’ लिहिलं तर ती त्यांच्या बाजूला मधोमध राहते आणि मी कुठेच नाही. ‘त्या अकरा नोंदी माझ्या हातच्या आहेत’ असं लिहिलं तर ती कडेला जाते, पण माझ्याजवळ. काल दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी मी पेन उघडून बसलो होतो. काही लिहिलं नाही.

रकाना भरायचा राहिला आहे आणि सही करायची राहिली आहे.